नव्या ग्रीनला थोडा वेळ द्या

एका नव्या खासगी गोल्फ कोर्सवरच्या लेखात म्हटलंय की तिथल्या ग्रीन, म्हणजे होलभोवतीच्या बारीक कापलेल्या गवताच्या जागा, 'काँक्रीटसारख्या' लागतात आणि तो बांधणीतला दोष आहे; हे मत मला पटलं नाही. गेल्या आठवड्यात मीही नुकत्याच सुरू झालेल्या एका कोर्सवर पाहुणा म्हणून 18 होल खेळलो. पहिल्याच होलवर 8 नंबरच्या आयर्नने (धातूच्या टोकाच्या काठीने) मारलेला चेंडू थेट ग्रीनवर पडला, टणकन उसळला आणि मागच्या उतारावरून खाली गेला. वाईट वाटलं, पण त्यात चूक कोणाची नाही. नवी ग्रीन बहुधा वाळूच्या थरावर उभी केलेली असते. गवताच्या बुडाशी मुळं आणि काड्या साचून जो मऊ थर होतो, त्याला काही हंगाम लागतात. तोवर चेंडू उसळणारच. चौथ्या होलपासून मी चेंडू ग्रीनच्या अलीकडेच टाकून घरंगळत नेऊ लागलो, आणि तिथून पुढे जी मजा आली ती मऊ ग्रीनवर कधी आली नव्हती!

बंकरची, म्हणजे कोर्सवरच्या वाळूच्या खड्ड्यांची, वाळू मात्र अजून बसलेली नाही, चेंडू निम्मा रुततो. फेअरवेवर, म्हणजे ग्रीनकडे जाणाऱ्या कापलेल्या गवताच्या पट्ट्यावर, गवत न धरलेले भाग 'दुरुस्तीखालील जमीन' म्हणून आखलेले असतील, तर गोल्फच्या नियम 16.1 प्रमाणे चेंडू उचलून बाहेर टाकायची दंडाशिवाय सवलत मिळते; अनेकजण उगाच तिथूनच मारतात.

मला खटकलं ते वेगळंच. एका ग्रीनपासून पुढच्या टीपर्यंतचं (जिथून पुढच्या होलचा पहिला फटका मारतात) अंतर इतकं आहे की पायी खेळणारा दमून जातो. गवत दाट होईल, झाडं वाढतील, हे अंतर मात्र कमी होणार नाही.