चर्चगेटला चार वर्षांत दोन्ही पदव्या मिळायला हव्यात

मुंबई विद्यापीठाने पदवीनंतरचा, एमबीए आणि एलएलबी मिळून चार वर्षांचा एकत्र अभ्यासक्रम सुरू करावा आणि वकिली व विधी शिक्षणाचे नियम ठरवणाऱ्या बार कौन्सिल ऑफ इंडियाने त्यासाठी आपला नियम बदलावा, असं माझं ठाम मत आहे. पोस्ट लांब आहे, पण सीईटीचे अर्ज निघाले की दरवर्षी मला जे मेसेज येतात त्यांना एकदाच नीट उत्तर द्यायचंय.

"ताई, एमबीए करू की लॉ?" असं विचारणारी मुलं बहुतेक बीकॉम किंवा बीएमएस झालेली असतात. हुशार असतात, आणि खरं तर त्यांना दोन्ही हवं असतं. आज त्यांना एवढंच सांगता येतं की आधी एक कर, मग दुसरं. दोन आणि तीन, पाच वर्षं झाली. मधे नोकरी लागते, लग्न होतं, घराचा हप्ता सुरू होतो, आणि दुसरी पदवी राहते ती राहतेच. मुलींच्या बाबतीत तर हे फारच जास्त होतं.

अमेरिकेत जेडी, म्हणजे तिथली कायद्याची पदवी, तीन वर्षांची आणि एमबीए दोन वर्षांचं. दोन्ही एकत्र घेतलं तर बहुतेक ठिकाणी चार वर्षांत होतं, कारण काही विषय दोन्हीकडे धरले जातात. पुढे राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक लढवलेले मिट रॉम्नी १९७५ साली हार्वर्डमधून याच पद्धतीने दोन्ही पदव्या घेऊन बाहेर पडले, म्हणजे ही कल्पना काही आजची नव्हे. नॉर्थवेस्टर्न आणि पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात तीन वर्षांचाही पर्याय आहे. पण तिथली फी आपल्या मध्यमवर्गीय घराला मोठ्या कर्जाशिवाय झेपणारी नाही. शिवाय तिकडून कायद्याची पदवी घेऊन परत आलं तर इथे वकिली करण्याआधी बार कौन्सिलची पात्रता परीक्षा असतेच.

"आपल्याकडे बीबीए एलएलबी आहे की," असं कोणीतरी लगेच लिहील. आहे, आणि चांगलंही आहे. पण ते बारावीनंतरचं आहे. सतरा-अठराव्या वर्षी मुलाने ना ताळेबंद पाहिलेला असतो ना साधा भाडेकरार वाचलेला असतो. एमबीएच्या वर्गात शेजारी बसलेला कोणी बँकेतून आलेला असतो, कोणी कारखान्यातून. त्यांच्याशी वाद घालून जे कळतं ते त्या वयात कळू शकत नाही.

आता चर्चगेट का, ते सांगते. ए रोडवर १८५५ पासूनचं शासकीय विधी महाविद्यालय आहे, पलीकडे बी रोडवर सिडनहॅम हे वाणिज्य महाविद्यालय आणि जवळच १९६५ मध्ये सुरू झालेली जमनालाल बजाज ही व्यवस्थापन संस्था. सगळं चालत जाण्याच्या अंतरावर. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१८ ते १९२० सिडनहॅममध्ये अर्थशास्त्र शिकवत होते आणि १९३५ मध्ये विधी महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. अर्थशास्त्र आणि कायदा ही एकाच माणसाच्या डोक्यात एकत्र नांदू शकतात, याचा यापेक्षा मोठा पुरावा मुंबईला शोधावा लागू नये.

या दोन शिक्षणांमधली दरी किती खोल आहे ते टाटा-मिस्त्री प्रकरणात दिसतं. २४ ऑक्टोबर २०१६ रोजी टाटा सन्सच्या संचालक मंडळाने सायरस मिस्त्री यांना अध्यक्षपदावरून दूर केलं. एमबीएच्या वर्गात यावर चर्चा होते ती नेतृत्वबदलाची, वारसा नियोजनाची, ब्रँडच्या प्रतिमेची. लॉच्या वर्गात चर्चा होते कंपनी कायद्याच्या २४१ आणि २४२ कलमांची, म्हणजे अल्पमतातल्या भागधारकांवर अन्याय झाला का याची. मुंबईच्या एनसीएलटीने, म्हणजे कंपन्यांचे वाद ऐकणाऱ्या न्यायाधिकरणाने, २०१८ मध्ये टाटांच्या बाजूने निकाल दिला, अपील न्यायाधिकरणाने २०१९ मध्ये तो फिरवला आणि मार्च २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा टाटांच्या बाजूने दिला. या भांडणाचा एक कणा होता टाटा सन्सचे आर्टिकल्स ऑफ असोसिएशन, म्हणजे कंपनीची अंतर्गत नियमावली, ज्यात टाटा ट्रस्ट्सनी नेमलेल्या संचालकांच्या संमतीला विशेष वजन दिलेलं आहे. एमबीएची मुलं ते आर्टिकल्स क्वचितच उघडून पाहतात. आणि लॉच्या मुलांना विचारा की टाटा सन्समध्ये अठरा टक्क्यांवर हिस्सा असलेल्या, मिस्त्री कुटुंबाच्या शापूरजी पालनजी समूहाच्या दृष्टीने तो हिस्सा विकता न येण्याची किंमत काय. बहुतेक गप्प बसतील. घटना एकच असूनही कोणालाच ती पूर्ण कळत नाही.

माझं रोजचं काम खरेदीचे करार बघण्याचं आहे. एमबीए आधी केलं, काही वर्षं खरेदी विभागात काढली, मग एलएलबी. माझ्या टेबलावर येणाऱ्या परचेस ऑर्डरच्या मागच्या बाजूला फिक्या करड्या अक्षरांत अटी छापलेल्या असतात, इतक्या बारीक की कागद खिडकीकडे धरावा लागतो. त्यात एक ओळ हमखास सापडते: पेमेंट ९० दिवसांनी. माल देणारा वसईच्या गाळ्यात कोरुगेटेड बॉक्स बनवतो, उद्यम नोंदणी असलेला लहान उद्योजक. एमबीएमध्ये आम्हाला शिकवलं होतं की देणी जितकी लांबवाल तितकं खेळतं भांडवल मोकळं राहतं, आणि नव्वद दिवस मिळवणाऱ्या मॅनेजरची पाठ थोपटली जाते. पण २००६ च्या एमएसएमई कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघु उद्योगाला माल स्वीकारल्यापासून जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावेच लागतात, कागदावर काहीही लिहून सही घेतलेली असो. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, महिन्याच्या महिन्याला चक्रवाढ व्याज. ते व्याज खर्च म्हणून आयकरात धरता येत नाही. त्यात २०२३-२४ पासून आयकराची आणखी एक तरतूद आली: मुदत उलटूनही रक्कम थकली असेल तर ती ज्या वर्षी प्रत्यक्ष द्याल त्याच वर्षी खर्च म्हणून धरली जाते. म्हणजे मार्चअखेर नफा कागदावर फुगतो आणि त्यावर कर भरावा लागतो. त्या मॅनेजरने कंपनीचे पैसे वाचवले की घालवले? याचं उत्तर द्यायला वित्त, करार आणि कर या तिन्ही गोष्टी एकाच वेळी डोक्यात हव्यात. आणि वसईच्या त्या माणसाच्या घरात पगार वेळेवर होणं यावर अवलंबून असतं, म्हणून मला हा विषय इतका जवळचा वाटतो.

मग अडतंय कुठे? बार कौन्सिलच्या २००८ च्या विधी शिक्षण नियमांत सहावा नियम आहे. एलएलबी करताना दुसरा नियमित अभ्यासक्रम करता येत नाही. भाषा किंवा संगणकाचे छोटे कोर्स आणि दूरस्थ शिक्षण केंद्राचे अभ्यासक्रम तेवढे वगळले आहेत. म्हणजे एमबीए घरबसल्या पत्रद्वारा केलं तर चालतं आणि रस्ता ओलांडून वर्गात बसून केलं तर चालत नाही! यूजीसीने एप्रिल २०२२ मध्ये वेळा एकमेकींवर येत नसतील तर दोन पूर्णवेळ अभ्यासक्रमांना परवानगी दिली, कायद्याच्या पदवीचं दार मात्र बंदच राहिलं. बार कौन्सिलची काळजी मला कळते. हजेरी सत्तर टक्के हवी आणि ती कागदोपत्री नको, याच्याशी मी शंभर टक्के सहमत आहे. म्हणूनच मी दोन अभ्यासक्रम एकाच वेळी रेटायला सांगत नाहीये, नीट विणलेला एकच अभ्यासक्रम मागतेय. तीन वर्षांच्या एलएलबीत वीस सक्तीचे विषय असतात, चार प्रत्यक्ष कामाचे आणि किमान सहा ऐच्छिक. वीस आणि चारला हात लावू नका. पुरावा, दिवाणी प्रक्रिया, राज्यघटना हे सगळं पूर्ण शिकवा. ऐच्छिक सहा मात्र बिझनेस लॉच्या गटातले घ्या आणि एमबीएच्या ऐच्छिक विषयांत धरा. कॉर्पोरेट फायनान्सचा पेपर त्याच हिशोबाने इकडे धरा. एक वर्ष सहज कमी होतं.

"एक ना धड भाराभर चिंध्या," असं मला एका ज्येष्ठ वकिलांनी सुनावलं होतं. त्यांच्याविषयी आदर ठेवून सांगते, कफ परेडला एनसीएलटीत जाऊन बसा. दिवाळखोरी संहितेखालचा रिझोल्यूशन प्लॅन, म्हणजे कर्जात बुडालेली कंपनी सावरण्याची योजना, हा धड कायद्याचा कागद नसतो आणि धड वित्ताचाही. कर्ज दिलेल्यांच्या समितीत ६६ टक्के मतं कशी जमतील हे आकड्यांवर ठरतं, आणि तो प्लॅन टिकेल का हे कलमांवर. तिथे एका बाजूचंच शिकलेला माणूस सारखा शेजारच्याकडे बघत राहतो.

एक गोष्ट मात्र कोणीही प्रवेश घेण्याआधी ऐकायला हवी. वकिलीची सनद घेतली की तुम्हाला स्वतः धंदा चालवता येत नाही आणि पूर्णवेळ पगारी नोकरीही करता येत नाही. नोकरी धरायची तर सनद स्थगित करावी लागते. त्यामुळे दोन पदव्या म्हणजे दोन करिअर, असं क्लासवाले सांगतात तसं होत नाही. धंद्याची जाण असलेले वकील व्हाल किंवा कायद्याची जाण असलेले मॅनेजर. दोन्ही भारी आहेत, पण एका वेळी एकच.

तोवर विचारणाऱ्यांना माझा सल्ला: एमबीए आधी, मग दोन-तीन वर्षं अशा ठिकाणी काम जिथे करार हातात येतात, मग तीन वर्षांचं एलएलबी, वर्गात बसून. उलटा क्रम फक्त त्यांनी घ्यावा ज्यांना कोर्टातच उभं राहायचं आहे.

विद्यापरिषदेवर किंवा बार कौन्सिलमध्ये असलेली काही मंडळी माझ्या यादीत आहेत. विषयांची वाटणी आणि आठ सत्रांचा कच्चा आराखडा मी तयार केलाय. मेसेज करा, लगेच पाठवते. त्यावर भांडायचं असेल तर चर्चगेटला भेटायलाही येईन.