शंकेचा बॉल कोणाचा?

१४ सप्टेंबर २०२५ला दुबईत आशिया चषकाचा सामना संपला आणि आपला संघ पाकिस्तानी खेळाडूंशी हात न मिळवता आत गेला. तेव्हापासून आमच्या घरच्या ग्रुपवर दोन तट आहेत. काका एकीकडे, भाचेमंडळी दुसरीकडे. आणि दोन्हीकडून मला मेलबर्नला विचारणा, "तुमच्याकडचे लोक काय म्हणतात?"

इथले लोक काहीच म्हणत नाहीत. टेनिसवाल्यांना तर हे नवीनही नाही. २०२३च्या विम्बल्डनला युक्रेनच्या स्वितोलिनाने रशियाच्या बाजूने असलेल्या बेलारूसच्या अझारेंकाशी हात मिळवला नाही. तिने ते आधीपासून सांगितलेलं होतं, तरी प्रेक्षकांनी हुर्यो उडवली ती अझारेंकाची! युद्धातला हात देशाचा असतो. त्यावरून कोणाचे संस्कार मोजायला मी जाणार नाही.

मला टोचतं ते वेगळंच. शनिवारच्या आमच्या डबल्सला अंपायर नसतो. आपल्या बाजूच्या रेषा आपणच बघायच्या, आणि शंका असेल तर बॉल आत धरायचा, असा आंतरराष्ट्रीय नियमच आहे. चुकून 'आउट' ओरडलो आणि लगेच उमगलं, तर सहसा पॉइंट पुन्हा खेळतात. त्याच मॅचमध्ये दुसऱ्यांदा तसं झालं की पॉइंट गेला. म्हणजे प्रामाणिक चूक एकदाच माफ. २००५मध्ये रोममध्ये अमेरिकेच्या रॉडिकने स्वतःच्या मॅच पॉइंटवर स्पेनच्या वर्दास्कोची आउट दिलेली सर्व्हिस आत होती असं स्वतःहून सांगितलं आणि पुढे मॅच हरला. आमच्यात रॉडिक कोणी नाही. एक गोरे आजोबा तर ५-५ झालं की रेषा चार बोटं आत सरकवतात. पण शंका आली म्हणून "पुन्हा खेळू" असं तेही म्हणत नाहीत.

पुण्यात मी वाढलो तो याच "पुन्हा खेळू"वर. दिसलं नाही? लेट घ्या, म्हणजे पॉइंट पुन्हा खेळा. भांडण टळतं, म्हणून ती सभ्यता वाटायची. आता वाटतं, समोरच्याचा अर्धा पॉइंट आपण हसत हसत खिशात घालत होतो.

डिसेंबरात पुण्याला गेलो तेव्हा सोसायटीच्या कोर्टवर जुन्या मित्राचा बॉल बेसलाइनपाशी पडला. मला नीट दिसला नाही. तो नेटपाशी येत म्हणाला, "लेट?"

"नको, पॉइंट तुझा."

तो क्षणभर माझ्याकडे बघत राहिला. मग पार्टनरला म्हणाला, "बघितलंस? एनआरआय दानधर्म करतायत."


पुढचे तीन गेम त्याने माझ्याच अंगावर स्मॅश मारले.