वळण

संध्याकाळपासून डोकं तापलंय. लिहिल्याशिवाय झोप यायची नाही.

मांजराला इंजेक्शन द्यायला दवाखान्यात गेले होते. समोर एक गृहस्थ, पायाशी जर्मन शेफर्ड. केसीआयचे, म्हणजे केनेल क्लबचे, वंशावळीचे पेपर, तीन पिढ्यांची नावं, बाप चॅम्पियन, हे पाच मिनिटांत सगळ्या दवाखान्याला कळलं. तेवढ्यात डिलिव्हरीचा टी-शर्ट घातलेला एक पोरगा आला. छातीशी टॉवेलात गुंडाळलेलं गावठी पिल्लू, मागचा पाय लोंबत होता. तो टेकणार, तर हे गृहस्थ हात उगारून म्हणाले, "ए, बाहेर थांब! गटारातली घाण इथं नको." पोरगा गुपचूप पायरीवर जाऊन बसला. आम्ही सहा-सात जण गप्प. मीसुद्धा. त्याचीच जास्त आग होतेय.

आमचे आजोबा, तात्या, आटपाडीकडचे. खरसुंडीच्या जत्रेला खिलार घ्यायला निघाले की मी मागे लागायचे. दलाल शिंगं दाखवायचे, खूर दाखवायचे, दात मोजून दाखवायचे, भाव रुमालाखाली बोटं धरून व्हायचा. तात्या सगळं बघायचे, पण शेवटी बैलाच्या तोंडासमोर एकदम हात वर न्यायचे, फेटा सारखा करतात तसा. बैलानं डोळे मिटून मान चोरली की तात्या पुढच्या दावणीला. "मार खाल्लेलं हाय. मालकालाच वळण न्हाई."

आज त्या गृहस्थांनी हात उगारला तो पोरावर. पण खाली शेफर्ड फरशीला चिकटला. कान मागे, शेपूट पायात. चॅम्पियनचा पोरगा! तीन पिढ्यांचे पेपर घेऊन काय करायचंय मग?

रक्ताला काहीच अर्थ नाही असं म्हणत नाही. खिलाराचा वेग रक्तातूनच येतो, ठीक आहे. पण आपल्या मेंढपाळांनी कारवानी आणि पश्मी कुत्री कुठल्या कागदावर सांभाळली? मुधोळ हाऊंड २००५ मध्ये टपाल तिकिटावर आला, पुढं सैन्यातही गेला. त्याआधी कित्येक पिढ्या तो वाड्यावस्त्यांवर भाकरी खाऊन राखण करतच होता. आणि कागदवाल्यांनी काय केलं? पगचं नाक इतकं दाबलं की बिचाऱ्याला पुण्याच्या उन्हात धड श्वास घेता येत नाही. याला ब्रीडिंग म्हणायचं?

माणसांचंही तेच. स्थळ बघताना "खानदानी लोक आहेत" म्हणतात, म्हणजे वाडा आहे, जमीन आहे, आडनाव आहे. घरातली मोलकरीण त्यांच्यासमोर कशी उभी राहते, ते कोणी बघतं का? ते बघा. अंग चोरून उभी असेल तर उठा आणि चालू लागा.

तात्या काही संत नव्हते, धाकट्या काकांवर त्यांनी हात उगारलेला मी पाहिलाय. पण बेंदराला पुरणपोळीचा पहिला घास बैलांना, मग सालगड्याच्या पोरांचं पान, आणि मग आम्ही. आम्ही कुरकुरलो तर आजी डोळे वटारायची.

आमचा हरण्या त्या हाताच्या परीक्षेत मान न हलवता उभा राहिला म्हणून घरी आलेला. परक्याला गोठ्यात पाऊल टाकू द्यायचा नाही. एकदा माझी धाकटी बहीण रांगत त्याच्या पायात गेली. आई किंचाळली. हरण्यानं उचललेला पुढचा खूर तसाच अधांतरी धरला, ती पलीकडे जाईपर्यंत. तात्यांनी त्या रात्री त्याच्या गळ्याखाली किती वेळ खाजवलं असेल! हे लिहिताना घसा दाटतोय.

असो. शेवटी मी उठून बाहेर पायरीवर जाऊन बसले. माझा नंबर आधी होता, तो पोराला दिला. पिल्लू पंधरा दिवसांपूर्वी पुलाखाली सापडलं म्हणाला, आज कुणाच्या तरी गाडीखाली आलं. "काकू, वाचंल ना?" असं विचारत त्यानं कपाळावरचा घाम पुसायला हात वर नेला.

मी पिल्लाकडेच बघत होते. एवढं कण्हत होतं, पण त्यानं पापणीसुद्धा हलवली नाही.