डायनासोरच्या गोवऱ्या

आमच्या घरात सध्या सात वर्षांचा एक डायनासोरतज्ज्ञ राहतो. 'पॅकीसेफॅलोसॉरस' एका दमात म्हणतो, वरण मात्र अजून अंगावर सांडतो. त्याच्यापायी पंधरा-वीस पुस्तकं जमली आणि रोज रात्री ती मलाच वाचावी लागतात, त्यामुळे आता मलाही मत आहे.

चित्रं झकास असतात. टी-रेक्स आणि स्टेगोसॉरस एकाच पानावर झुंजतात. दोघांत जवळपास 8 कोटी वर्षांचं अंतर, पण ते सोडा. माझी कुरकुर वेगळीच आहे. लांबी इतकी, वजन इतकं, खाणं अमुक, पान उलटा. हे कळलं कसं, ते कुणी सांगतच नाही. आणि सगळं अमेरिकेत घडतं, मराठी पुस्तकातसुद्धा. आमच्या ढिगात चंद्रपूर एकदाही आलं नाही.

अहो, वरोरा तालुक्यातल्या पिसदुऱ्याला डायनासोरचं दगड झालेलं शेण सापडतं! गोवऱ्याच म्हणा. पूर्वी समज असा की डायनासोरच्या काळात गवत नव्हतंच, म्हणून चित्रकार त्यांच्या पायाशी नेचे काढायचे. 2005 मध्ये या गोवऱ्यांवरचा अभ्यास छापून आला. त्यात गवताच्या पेशींतले सिलिकाचे सूक्ष्म कण निघाले, किमान पाच प्रकारच्या गवतांचे. गवताचं पातं हाताला कापतं ना, ते या सिलिकामुळेच. ते पचत नाही, कुजत नाही.

शेजारच्या डोंगरगावात लांब मानेचा इसिसॉरस मिळाला. नावाने दचकू नका, ती इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटची आद्याक्षरं आहेत. सांख्यिकीच्या या संस्थेत तिचे संस्थापक महालनोबिस यांनी जीवाश्मांचाही अभ्यास सुरू करवला होता. तिथल्याच लोकांनी गोदावरीच्या खोऱ्यातल्या एका डायनासोरचं नाव ठेवलं बारापासॉरस टागोराय. बंगालीत 'बडो पा' म्हणजे मोठा पाय, आणि खोदकाम सुरू झालं ते रवींद्रनाथांच्या जन्मशताब्दीचं वर्ष होतं म्हणून टागोर. हे एवढं मुलांना सांगायला काय हरकत आहे?

मी सांगितलं. शेण म्हटल्यावर तो पलंगावर लोळून हसला. मग एकदम गंभीर: "पण आई, ते कुणाचं शेण, हे कसं कळलं?" म्हटलं, तिथे लांब मानेवाल्यांची हाडंही मिळतात, म्हणून त्यांचं असावं असा अंदाज. "म्हणजे नक्की नाही?" नाही रे, नक्की नाही.

सकाळी बघते तर साडेआठशेच्या पुस्तकात सगळ्या लांब मानेवाल्यांच्या पायाखाली हिरव्या पेन्सिलीने गवत उगवलेलं. मी ओरडले नाही.