जॉनीचा चेहरा

परवा रात्री धाकट्या लेकाबरोबर 'द कराटे किड' पुन्हा पाहिला. जुना, १९८४ चा. मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा त्याच्याएवढाच होतो, आठवीत. शेजारच्यांनी भाड्यानं व्हीसीआर आणला होता आणि गल्लीतली सगळी पोरं त्यांच्या सोप्यात दाटीवाटीनं बसली होती. त्यानंतर किती वेळा पाहिला याची गणती नाही. गेली १९ वर्षं मी इचलकरंजीत कराटेचा क्लास घेतोय, आणि दरवर्षी नव्या बॅचमधलं एखादं पोरगं हवेत गोल गोल हात फिरवत विचारतंच, "सर, ते गाडी पुसायचं कधी शिकवणार?"

या सिनेमाबद्दल मनात बरंच साठलंय. आज लिहून टाकतो. लांबेल, पण वाचा.

पाहिला नसेल त्यांच्यासाठी गोष्ट थोडक्यात. डॅनियल हा बिनबापाचा पोरगा. आईच्या नोकरीपायी न्यू जर्सीतून कॅलिफोर्नियात येतो. तिथं जॉनी लॉरेन्स आणि त्याची टोळी त्याला गाठून गाठून बडवते. ही सगळी पोरं 'कोब्रा काय' नावाच्या कराटे क्लासची, तिथला मास्तर जॉन क्रीस. डॅनियल राहतो त्या इमारतीत नळ-दिवे दुरुस्त करणारा एक म्हातारा असतो, मियागी. मूळचा जपानच्या ओकिनावा बेटावरचा. एका रात्री पाच जण मिळून डॅनियलला कुंपणाशी तुडवत असताना हा म्हातारा कुंपणावरून उडी टाकतो आणि पाचहीजणांना लोळवतो. पुढं तो डॅनियलला शिकवायचं कबूल करतो, पण अट घालतो की मी सांगेन ते करायचं, प्रश्न विचारायचे नाहीत. मग पहिल्या दिवशी गाड्या धुऊन मेण लावायचं, दुसऱ्या दिवशी अंगणातल्या फळ्या घासायच्या, तिसऱ्या दिवशी कुंपण रंगवायचं, चौथ्या दिवशी घर. त्या चौथ्या रात्री पोरगा भडकतो, निघूनच चाललेला असतो. मियागी त्याला थांबवतो, घासायचे-पुसायचे तेच हात फिरवायला लावतो आणि एकदम ठोसे मारायला लागतो. डॅनियलचे हात आपोआप प्रत्येक ठोसा अडवतात.

जगभर लोकांच्या लक्षात राहिलंय ते एवढंच. मास्तर वेगळा का, तर त्यानं गाडी पुसायला लावली.

आमच्या भागातल्या माणसाला यात नवल वाटायचं कारण नाही. माझे आजोबा तालमीत होते. कोल्हापूरकडच्या कुठल्याही तालमीत नवं पोरगं आलं की वस्ताद त्याला आधी डाव शिकवत नाहीत. हौद्यात उतरवतात आणि फावडं हातात देतात. माती उकरायची, खालची वर करायची, तेल-ताक-हळद-लिंबू घालून कालवायची. रोज. आजोबा सांगायचे, सहा महिने माती उकरली की कंबर आणि खांदे असे तयार होतात की धोबीपछाड घालताना वेगळा जोर लावावा लागत नाही. मियागीनं जे गाडीवर केलं ते आमच्या वस्तादांनी मातीत कधीचंच केलं होतं.

आणि म्हणूनच मी सुरुवातीला चुकलो. क्लास काढून चार-पाच वर्षं झाली होती. एक पोरगा आला, सातवीतला. वडील मागावर रात्रपाळीला, आई धुण्याभांड्याला. शाळेत एकाचा दात पाडला होता म्हणून मुख्याध्यापकांनी घरी चिठ्ठी पाठवलेली. आई त्याला दंडाला धरून घेऊन आली आणि म्हणाली, "सर, ह्याला जरा वळण लावा." मला वाटलं, हा माझा डॅनियल. मी त्याला शेड झाडायला लावलं, पिंपात पाणी भरायला लावलं, मॅट उन्हात टाकायला लावल्या. नवव्या दिवशी खराटा हातात धरूनच त्यानं विचारलं, "सर, झाडून काय हुतंय?"

मी म्हणालो, "सांगितलं तेवढं कर."

दहाव्या दिवशी तो आला नाही. परत कधीच आला नाही.

त्याच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. झाडण्यातून मी त्याला काही शिकवत नव्हतो, नुसतं झाडून घेत होतो. प्रश्न विचारायचे नाहीत ही अट मियागीनंही घातली होती, पण पोरगा उकळायला लागला त्याच रात्री त्यानं उत्तर दिलं, आणि तेही पोराच्याच हातांतून काढून दाखवलं. त्याआधी त्याचा दुखरा खांदा स्वतःच्या हातांनी चोळून मोकळा केला. आमच्या क्षेत्रातले कितीतरी लोक मियागीचं नाव घेऊन पोरांकडून वर्ष-वर्ष गाड्या धुऊन घेतात आणि त्याला शिस्त म्हणतात. ही शिस्त नाही. पोरगं पैसे देऊन शिकायला येतं आणि आपण त्याला राबवतो, एवढंच.

माझ्या मते मियागीचं वेगळेपण दुसऱ्या एका प्रसंगात आहे. पोरांना तो कंटाळवाणा वाटतो, माझा लेकही तेव्हा पाणी प्यायला उठला.

एका रात्री डॅनियल मियागीच्या घरी येतो तर म्हातारा जुना लष्करी गणवेश चढवून दारू पीत बसलेला. झिंगलेला. गाणं म्हणतो, रडतो. त्या रात्री डॅनियलला कळतं की हा माणूस दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेकडून युरोपात लढत होता, आणि त्याच वेळी त्याची गरोदर बायको मांझानारच्या छावणीत होती. बाळंतपणात ती गेली, बाळही गेलं. डॉक्टर आला नाही. डॅनियलला त्याच्या सामानात तार सापडते आणि एक पदकही, अमेरिकेचं शौर्याचं सर्वोच्च पदक. पोरगा त्याला अंथरुणावर नीट झोपवतो आणि निघताना वाकून नमस्कार करतो.

मांझानार काय होतं ते आपल्याकडे फारसं कुणाला माहीत नसतं. जपाननं अमेरिकेच्या पर्ल हार्बर बंदरावर हल्ला केल्यानंतर, फेब्रुवारी १९४२ मध्ये राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी हुकूम काढला आणि पश्चिम किनाऱ्यावरच्या जवळजवळ १ लाख २० हजार जपानी वंशाच्या माणसांना घरंदारं सोडायला लावून काटेरी तारांच्या छावण्यांत डांबलं. त्यातले बहुसंख्य अमेरिकेतच जन्मलेले, अमेरिकेचे नागरिक. मांझानार ही त्यातलीच एक छावणी, कॅलिफोर्नियाच्या वाळवंटी भागातली. याच समाजातल्या पोरांची ४४२ वी रेजिमेंट इटलीत आणि फ्रान्समध्ये लढली आणि तिनं पदकांची रास लावली. पण सर्वोच्च पदक युद्धानंतर त्यांच्यातल्या एकालाच मिळालं, सदाओ मुनेमोरीला, तेही मरणोत्तर. तो ५ एप्रिल १९४५ ला इटलीत पडला तेव्हा त्याची आई मांझानारमध्ये होती. (त्यानंतर चारच दिवसांनी, ९ एप्रिलला, त्याच इटलीत सेनियो नदीवर मराठा लाइट इन्फंट्रीच्या नामदेव जाधवांनी व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला. दोघंही परक्या मातीत लढले, हे आठवलं की मला गलबलतं.) बाकीच्या २० जणांची पदकं वाढवून त्यांना सर्वोच्च पदक देण्यात आलं ते थेट २००० साली. म्हणजे सिनेमानं मियागीच्या पेटीत जे पदक ठेवलं, ते त्या युद्धातल्या शौर्यासाठी त्या पलटणीतल्या एकाही जिवंत माणसाला १९८४ पर्यंत मिळालेलं नव्हतं.

मियागीचं काम करणारे पॅट मोरिता. लहानपणी मणक्याचा क्षय झाला, कितीतरी वर्षं इस्पितळात प्लास्टरमध्ये काढली. हा चालणार नाही असं डॉक्टरांनी सांगितलेलं. ११ व्या वर्षी चालायला लागले, आणि इस्पितळातून घरी जायच्या ऐवजी त्यांना ॲरिझोनातल्या छावणीत नेलं, कारण आईवडील तिथंच डांबलेले होते. मोठेपणी त्यांनी विनोदी कार्यक्रमांतून नाव कमावलं. म्हणूनच निर्माता त्यांना या भूमिकेसाठी घ्यायला तयार नव्हता. तो दारूचा प्रसंगही स्टुडिओला कापायचा होता, त्यानं गोष्ट रेंगाळते म्हणून. दिग्दर्शक जॉन ॲव्हिल्डसन अडून बसले. मोरितांना पुढं ऑस्करचं नामांकन मिळालं. तो प्रसंग कापला असता तर मिळालं असतं असं मला वाटत नाही.

या प्रसंगात मियागी शिकवायला बसलेला नाही. 'बघ बाळा, मी किती सोसलंय' असा पाठही देत नाही. पोराला ते योगायोगानं दिसतं आणि म्हातारा लपवत नाही. बिनबापाच्या पोराला बायको-पोर गमावलेला माणूस कळतो. त्यानंतर डॅनियल त्याच्यासाठी जीव टाकेल हे आपल्याला पटतं. २०१० मध्ये हा सिनेमा बीजिंगमध्ये नेला, कराटेचं कुंग फू झालं, गाडी पुसायच्या ऐवजी जाकीट काढायचं-घालायचं आलं. पण जॅकी चॅनच्या मास्तरालाही त्यांनी गेलेली बायको आणि गेलेलं पोर दिलंच. तेवढं त्यांना बदलता आलं नाही.

आता जॉनीबद्दल. हे सगळं मी त्याच्यासाठीच लिहायला घेतलं होतं.

लोक म्हणतात, डॅनियल हा वाया जाऊ शकणारा पोरगा आणि मियागीनं त्याला वाचवलं. मला वाटतं डॅनियल कुठंही बुडत नव्हता. त्याला आई होती, चांगली, हसरी, पोराच्या पाठीशी उभी राहणारी. बुडत होता तो जॉनी. त्याच्या घरचं काय, हे या सिनेमात येत नाही. ते कळायला २०१८ मध्ये त्यावर मालिका यावी लागली. इथं दिसतो तो फक्त त्याचा मास्तर. भिंतीवर मास्तरचा लष्करातला फोटो. समोर रांगेत उभी पोरं, आणि हा त्यांना ओरडून घोकवतोय की दया दुबळ्यांसाठी असते. म्हणजे दोन्ही मास्तर सैन्यातून आलेले. एकानं तिथून दुःख आणलं आणि ते स्वतःजवळ ठेवलं. दुसऱ्यानं जे आणलं ते १५-१६ वर्षांच्या पोरांत वाटून टाकलं.

स्पर्धेत क्रीस आधी बॉबी नावाच्या पोराला सांगतो की याला लढायच्या लायकीचा ठेवू नकोस. बॉबी डॅनियलचा गुडघा फोडतो, बाद होतो, आणि त्याच क्षणी खाली वाकून माफी मागायला लागतो. मग अंतिम लढत. क्रीस जॉनीला म्हणतो, त्याच पायावर घाव घाल.

तिथं मी परवा सिनेमा थांबवला. जॉनीचा चेहरा पडद्यावर तसाच राहिला. क्षणभर त्या पोराला ऐकलेलं खरंच वाटत नाही. तो मास्तरकडे बघतो, काहीतरी वेगळं ऐकायला मिळेल म्हणून. क्रीस विचारतो, "काही अडचण आहे?" आणि तो म्हणतो, "नाही, सेन्सेई." सेन्सेई म्हणजे जपानीत सर.

त्या चेहऱ्याची मला ओळख आहे. १४ वर्षांखालच्या जिल्हा स्पर्धेत मी उपांत्य फेरीत होतो. समोरच्या पोराच्या डाव्या मनगटाला क्रेप बँडेज होतं, क्लिपा काढून वरून पांढरी पट्टी चिकटवलेली. मध्ये थांबलो तेव्हा आमचे सर माझ्या कानाशी वाकले. "डावा हात. तिथंच हाण." मी वर बघितलं. ते म्हणाले, "काय? जमत नाही?" मी म्हणालो, "जमतंय सर." तीनदा हाणलं. तिसऱ्यांदा तो मनगट पोटाशी धरून मॅटवर बसला. रडला नाही, नुसता बसला. मी जिंकलो. सरांनी पाठीवर थाप दिली. ती थाप मला खूप, खूप गोड लागली. याचीच मला आजही लाज वाटते.

आमचे सर राक्षस नव्हते. एसटीचं भाडं स्वतःच्या खिशातून भरायचे, स्पर्धेनंतर सगळ्यांना मिसळ चारायचे. त्यांना त्यांच्या सरांनी हेच शिकवलेलं. या सिनेमाचे लेखक रॉबर्ट मार्क केमन १७ वर्षांचे असताना न्यूयॉर्कमध्ये गुंडांच्या हातून मार खाऊन कराटेकडे वळले. त्यांचा पहिला मास्तर मारामारी आणि सूड शिकवणारा होता. त्याला सोडून ते ओकिनावाच्या गोजू-र्‍यूकडे गेले. ज्याच्याकडे गेले तो गुरू चोजुन मियागींचा शिष्य. गोजू-र्‍यू शैली घडवणारे ते मियागी, आणि त्यांचंच नाव या म्हाताऱ्याला दिलंय. म्हणजे लेखकाला आयुष्यात दोन्ही मास्तर भेटले, आणि एक सोडून दुसरा धरायची मोकळीक त्याला होती. माझ्यासारख्या तालुक्याच्या पोराला गावात एकच क्लास होता. जॉनीलाही बहुतेक तसंच वाटत असणार.

हरल्यावर जॉनी रडवेल्या तोंडानं चषक स्वतः उचलून डॅनियलच्या हातात देतो, तू भारी आहेस म्हणतो. हे त्याला क्रीसनं शिकवलेलं नाही. ते त्याच्यात आधीपासूनच होतं, आणि इतकी वर्षं कुणी ते बघितलंच नव्हतं.

येत्या रविवारी क्लासच्या शेडमध्ये पडदा लावून हा सिनेमा दाखवणार आहे. पालकांनीही यायचंय, विशेषतः स्पर्धेत मॅटच्या कडेला उभं राहून "मार त्याला, मार" ओरडणाऱ्यांनी. गाडी पुसायच्या प्रसंगाला पोरं टाळ्या पिटतील, पिटू देत. दारूच्या प्रसंगाला कुणाला पाणी प्यायला सोडणार नाही. आणि जॉनीच्या चेहऱ्याशी रिमोट दाबून मी माझ्या त्या मॅचचं सांगणार आहे, बँडेजसकट. १९ वर्षांत माझ्या एकाही पोराला मी ते सांगितलेलं नाही.

साडेपाचला सुरू करू. बसायला घरून चटई आणा.