बायकोचे हक्क जपून ठेवा, कपाटात

संसारी पुरुषाने कायद्याला घाबरू नये. कायदा बायकोला बरंच काही देतो हे खरं, पण देतो तो कागदावर, आणि घरातले कागद कुणाच्या कपाटात असतात हे तुम्हाला ठाऊकच आहे. तेवढी कपाटाची किल्ली सांभाळलीत की एकही कायदा मोडावा लागत नाही.

सुरुवात सोन्यापासून करा. लग्नातले दागिने सत्यनारायण झाला की 'नीट राहावेत म्हणून' आईच्या लॉकरमध्ये. स्त्रीधन एकट्या तिचं, सासरचे फक्त सांभाळणारे आणि ते परत दिलं नाही तर फौजदारी गुन्हा, असं सर्वोच्च न्यायालय १९८५ सालीच सांगून बसलंय. म्हणून तिच्यावर मागायची वेळच येऊ देऊ नका. दिवाळीला पाटल्या काढून द्या, भाऊबीज झाली की परत घ्या. चार-सहा वर्षांत ती स्वतःच विचारू लागते, "अहो, मावसबहिणीच्या लग्नात घालू का?"

मग फ्लॅट. बाईच्या एकटीच्या नावावर घर घेतलं तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत मिळते. साठ लाखांच्या फ्लॅटवर साठ हजार वाचतात, मॉड्युलर किचनचा ॲडव्हान्स निघतो. जरूर घ्या. फक्त करारनामा आणि इंडेक्स टू, म्हणजे नोंदणीचा उतारा, तुमच्या फाइलीत ठेवा आणि पाहुण्यांना सांगा, "हिच्या नावावर केलंय बरं का सगळं!" ती चहाचा ट्रे घेऊन उभी असताना सांगितलंत तर उत्तम.

बँकेत मात्र जुनंच चालू द्या. लग्नाआधी काढलेल्या एफडीवर नॉमिनी म्हणून धाकट्या भावाचं नाव असेल तर बदलायची घाई नको. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, तो वारसांच्या वतीने पैसे हातात घेणारा, हे १९८४ साली विम्याच्या पैशांबाबत आणि २०२३ साली शेअर्सबाबत सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलंय. पण तुमच्या मागे बँक चेक भावालाच देणार, आणि कोर्टाच्या खेपा त्याची वहिनी, म्हणजे तुमची बायको, घालणार. कायदा तिच्या बाजूने असला तरी रक्कम कुणाच्या खात्यात पडली, याला महत्त्व आहे.

गावाकडे जमीन असेल तर सरकारनेच तुमचं काम हलकं केलंय. १९९२ पासून लक्ष्मीमुक्ती योजनेत सातबाऱ्यावर बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून लावता येतं. अर्ज नवऱ्याने करायचा. म्हणजे योजना तिच्यासाठी आणि सही तुमची. तलाठीभाऊसाहेब कधी भेटत नाहीत, हे कारण तीस वर्षं टिकलंय, पुढेही टिकेल. वाटपात मात्र जपून. तिला स्वतःहून वाटप मागता येत नाही, पण बाप-लेकांनी वडिलोपार्जित जमीन वाटली की आईला मुलाइतकाच हिस्सा द्यावा लागतो. तेव्हा बांध घाला, विहिरीच्या पाळ्या ठरवा, पण त्याला वाटप म्हणू नका.

नवरा-बायकोचं पटलं नाही तर? हरकत नाही. पोटगीचा अर्ज पडला की नवऱ्याची नोकरी सुटते, धंदा बसतो आणि आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन निघतं, हा आपल्याकडचा निसर्गनियम. त्यात नागपूरच्या कुटुंब न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेल्या एका प्रकरणाने २०२० साली खोडा घातला. आता दोघांनीही उत्पन्न, मालमत्ता आणि कर्ज प्रतिज्ञापत्रावर लिहून द्यायचं आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून मोजायची. 'घर तर वडिलांच्या नावावर आहे' हे ठेवणीतलं वाक्यही त्याच वर्षी निकामी झालं. सासऱ्यांच्या मालकीचं असलं तरी ती जिथे संसार करत होती तिथे तिला राहण्याचा हक्क मागता येतो. पण खचू नका. घटस्फोटात नवऱ्याच्या मालमत्तेत बायकोला वाटा देणारं विधेयक २०१३ साली राज्यसभेत मंजूर झालं होतं. लोकसभेत ते पडून राहिलं, लोकसभा विसर्जित झाली आणि तेही गेलं. अशा वेळी लोकशाहीवरचा विश्वास वाढतो.

गोव्याच्या मित्रांसमोर हे विषय टाळा. पोर्तुगीजांच्या १८६७ च्या नागरी संहितेपासून तिकडे रीत अशी की लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर दोघांचं सगळं निम्मं-निम्मं. बायकोच्या सहीशिवाय घर विकता येत नाही, आणि मूलबाळ असलं तर मृत्युपत्राने आपला सगळा वाटाही बाहेर देता येत नाही. त्यात ही माणसं हे सगळं मासे निवडताना सांगितल्यासारखं सांगतात.

खरी कसोटी थोरला भाऊ गेल्यावर. हिंदू वारसा कायद्यात मृत्युपत्र नसेल तर बायको, प्रत्येक मूल आणि आई यांना सारखा हिस्सा. वहिनी, दोन मुलं आणि तुमची आई म्हणजे वहिनीचा पाव. (वडील या पहिल्या वर्गातल्या वारसांत नाहीतच. हे त्यांना तेराव्याच्या पंगतीत सांगू नका.) तलाठ्याच्या वारस नोंदवहीत, म्हणजे गाव नमुना ६-क मध्ये, वारसांची नोंद होऊ द्या, त्याने काही बिघडत नाही. महिनाभर थांबा. मग हक्कसोडपत्र, म्हणजे आपला हिस्सा सोडल्याचा कागद. कागद टाइप करून आणा, सहीच्या जागी पेन्सिलीने फुल्या मारा. "वहिनी, इथे आणि मागच्या पानावर. नुसती फॉर्मॅलिटी आहे, मुलांचं आम्ही बघतोच ना." दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात तिला खिडकीजवळच्या बाकावर बसवा. पदर सारखा करून ती कॅमेऱ्याकडे बघते, यंत्रावर अंगठा नीट उमटत नाही, कारकून म्हणतो, "हात पुसा हो ताई." मग तो विचारतो, "मजकूर मान्य आहे ना?" इथे उत्तर चटकन तुम्ही द्यायचं. येताना तिला उसाचा रस पाजा. पुढे कधी विषय निघालाच तर रसाची आठवण द्या.

शेवटची गोष्ट तिच्या स्वतःच्या कमाईची. मूलबाळ नसलेली विधवा मृत्युपत्र न करता गेली तर तिने पगारातून घेतलेलं घरही आधी नवऱ्याच्या वारसांकडे जातं, तिच्या आईवडिलांचा नंबर त्यानंतर. लग्नानंतर तीन महिन्यांत नवरा गेलेल्या, सासरने घराबाहेर काढलेल्या आणि माहेरी राहून शिकून नोकरी केलेल्या एका बाईची कमाई २००९ साली याच नियमाने सासरकडे गेली. तेव्हा मृत्युपत्राचं नाव निघालं की "अगं, अभद्र काय बोलतेस!" म्हणून कानावर हात ठेवा. साधा कागद चालतो, स्टॅम्प लागत नाही, नोंदणीची सक्ती नाही, फक्त दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात, एवढं तिच्या कानावर पडू देऊ नका. निदान शेजारचे काका-काकू चहाला आले असताना तरी नको.