३६४ दिवसांचा सैतान

शाळेतल्या जुन्या मित्रांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर परवा पुन्हा तेच झालं. गावाकडच्या एका खुनाची बातमी आली आणि पाठोपाठ मतं: "हा माणूसच नाही, सैतान आहे." एकाला वाटलं, त्याच्यावर करणी झाली असेल. मग डॉ. दाभोलकरांच्या खुनानंतर २०१३ साली आलेल्या जादूटोणाविरोधी कायद्यावर जुंपली. इस्रायलमधल्या लोद शहरातल्या घरी रात्री हे वाचताना मला करणीपेक्षा 'सैतान' जास्त खटकला. करणी खोटी म्हणणारेसुद्धा तो शब्द बिनदिक्कत वापरत होते.

आम्ही बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे ज्यू, मूळचे अलिबाग तालुक्यातले. शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून आमच्या पूर्वजांना शनिवार तेली म्हणत. मराठीतला 'सैतान' फारसी-अरबीतून आला, पण हिब्रू 'सातान'शी त्याचं रक्ताचं नातं आहे. सातान म्हणजे आडवा येणारा, आरोप ठेवणारा. हिब्रू बायबलातल्या ईयोबाच्या पुस्तकात तो देवाच्या दरबारात हजर असतो, ईयोबाची परीक्षा घ्यायला परवानगी मागतो आणि देव जेवढी मुभा देईल तेवढंच करतो. सरकारी वकीलच म्हणा ना. देवाच्या तोडीचा अंधाराचा राजा आमच्याकडे नाही. त्याच बायबलातल्या यशयाच्या ४५ व्या अध्यायात देव स्वतःच सांगतो की उजेड मी घडवतो आणि अंधारही मीच.

तालमूद म्हणजे आमच्या रब्बींच्या, धर्मगुरूंच्या, चर्चांचा जुना ग्रंथ. त्यातले एक रब्बी, रेश लाकिश, त्याही पुढे जातात. सैतान, मृत्यूचा दूत आणि येत्सर हारा हे एकच, असं ते म्हणतात. येत्सर हारा म्हणजे माणसाच्या आतली वाईट ओढ. पण ती नसती तर कुणी घर बांधलं नसतं, लग्न केलं नसतं, असंही रब्बींनीच म्हणून ठेवलंय. तालमूदमधली एक गोष्ट मला फार आवडते. ज्ञानी लोकांनी या ओढीला पकडून तीन दिवस कोंडून ठेवलं, तर अख्ख्या देशात आजाऱ्यासाठी एक ताजं अंडं मिळेना! कोंबड्यांनीही अंडी घालायचं थांबवलं होतं.

तालमूदमध्ये भुतंही आहेत, हे लपवत नाही. इथं कितीतरी जण मनगटाला लाल दोरा बांधतात, आणि आमची आई मीठ-मिरच्यांनी दृष्ट काढायची. त्याची मला चीड येत नाही. पण दृष्ट काढल्यानं कुणाचा गुन्हा दुसऱ्याच्या खाती जात नाही. 'अंगात सैतान शिरला' म्हटलं की जातो.

आमच्या शेजारच्या रामलाच्या तुरुंगात १९६२ साली आइशमनला फाशी दिली. लाखो ज्यूंना मरणाच्या छावण्यांकडे धाडणारा हा नाझी अधिकारी. त्याला सैतान म्हणायचा हक्क कुणाला असेल तर तो वाचलेल्या ज्यूंना होता. पण जेरुसलेममध्ये त्याच्यावर खटला चालला. साक्षीदार उभे राहिले, कागद वाचले गेले, त्याच्या वकिलाचं ऐकून घेतलं गेलं. आपण फक्त हुकूम पाळले, असं तो म्हणत राहिला आणि न्यायाधीशांनी ते मानलं नाही. खटला माणसावरच चालतो. इथंही हल्ला झाला की लोक पलीकडच्यांना माणसातून उठवतात, तेव्हा मला रामलाचा तो तुरुंग आठवतो.

हिब्रू अक्षरांना आकडे असतात. 'हासातान', म्हणजे 'तो सातान', याची बेरीज ३६४ होते. म्हणून तालमूद म्हणतं, वर्षातले ३६४ दिवस त्याला आरोप करायची मुभा, एक दिवस नाही. तो दिवस योम किप्पूर, आमचा प्रायश्चित्ताचा दिवस. कोकणात आमचे लोक त्याला दारफाळणीचा सण म्हणत. पांढरे कपडे घालून, दारं लावून दिवसभर उपास.

इथं त्या दिवशी रस्ते रिकामे पडतात आणि पोरं हमरस्त्यावर सायकली पिटाळतात. आत प्रार्थनागृहात मात्र, आरोप करणारा गैरहजर असताना, वर्षातली सगळ्यात लांब कबुली चालते. तीही 'मी' म्हणून नाही, 'आम्ही' म्हणून. आम्ही अपराध केला, आम्ही लुबाडलं, आम्ही निंदा केली. दर शब्दाला छातीवर एक मूठ. माझ्या शेजारी बसणारे रेवदंड्याचे काका आता ऐंशीच्या पुढे आहेत, हात थरथरतो, पण एकही शब्द ते सोडत नाहीत.